जग अस्थिर आहे, म्हणून पॅकहाऊस थांबवायचं का?

पत्र

"आमची निफाड तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासद बहुतेक द्राक्षवाले, थोडे कांदावाले. निर्यातीचा माल आजवर दुसऱ्यांच्या पॅकहाऊसमधून, म्हणजे माल साफ करून, प्रतवारी करून भरायच्या जागेतून, जातो. यंदा स्वतःचं पॅकहाऊस, प्रीकूलिंग (खुडलेला माल झटपट थंड करायची सोय) आणि पाचशे टनांचं शीतगृह बांधायचा ठराव सभेपुढे आहे. कर्ज दोन कोटींच्या घरात जाईल, मुदत सात वर्षं. संचालक मंडळात दोन तट पडलेत. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, जग पेटलंय. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होतात, ट्रम्पनं २०२५ मध्ये पन्नास टक्के कर लावला, बांगलादेशचा भरवसा नाही. अशा वेळी कर्ज काढून निर्यातीच्या नादी लागू नका. तरुण संचालक म्हणतात, पालघरचं वाढवण बंदर होतंय, ब्रिटनशी करार झालाय, आता नाही तर कधी? मला दोन्ही बाजू पटतात आणि रात्री झोप लागत नाही. छाटणी तोंडावर आली आहे. काय करावं?"

— एक संचालिका, निफाड तालुका

उत्तर

ताई,

आधी उत्तर देतो, मग कारणं. पॅकहाऊस आणि प्रीकूलिंग बांधा. पाचशे टनांचं शीतगृह यंदाच्या ठरावातून काढा. आणि खरेदीदाराबरोबरच्या करारात दोन कलमं घालून घेतल्याशिवाय युरोपचा कंटेनर भरू नका. ज्येष्ठांची भीती खोटी नाही, तरुणांची उमेदही खोटी नाही. पण दोन्ही बाजू जगात पुढे काय होणार याचा अंदाज बांधून निर्णय घेऊ बघतायत. तो अंदाज जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांनाही बांधता आलेला नाही. निफाडच्या कंपनीनं त्यावर सात वर्षांचं कर्ज टांगून ठेवू नये.

युद्ध कुठे भडकलं हे टीव्हीवर दिसतं. ते आपल्या बांधापर्यंत कसं येतं, हे दिसत नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलक्सी लीडर' नावाचं जहाज ताब्यात घेतलं. महिन्याभरात मोठ्या कंटेनर कंपन्यांनी सुएझची वाट सोडली आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. मुंबई ते लंडन हे अंतर सुएझमधून साधारण ११,६०० किलोमीटर आहे. केप ऑफ गुड होपवरून तेच १९,८०० होतं. जानेवारीत आपल्याकडे काढणी सुरू झाली, तेव्हा न्हावाशेव्याहून तीन-साडेतीन आठवड्यांत नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला लागणारा माल पाच-साडेपाच आठवडे पाण्यावर राहू लागला.

द्राक्षाला हे दिवस भारी पडतात. घड वेलीवरून खुडला की त्याची साखर वाढत नाही, फक्त पाणी जातं. ते सगळ्यात आधी देठातून जातं. हिरवा देठ तपकिरी पडतो, मग ठिसूळ होतो, पेटी हलवली की मणी सुटतात. खोक्यातल्या सल्फरच्या पॅडचा जोरही ठरावीक दिवसांपुरताच असतो. तो संपला की बुरशीला मोकळं रान. रॉटरडॅमचा तपासनीस पेटी उघडून आधी देठ बघतो, गोडी नंतर चाखतो. म्हणजे येमेनच्या किनाऱ्यावरची घटना आपल्या सभासदाच्या हिशोबात 'देठ सुकलेला, भाव कमी' अशी उमटते.

आता भाड्याचं. ४० फुटी रीफरमध्ये, म्हणजे शीत कंटेनरमध्ये, साधारण तेरा टन द्राक्ष बसतं. कंटेनरचं भाडं एक लाखानं वाढलं तर किलोमागे पावणेआठ रुपयांचा फरक पडतो. तीन लाखांनी वाढलं तर तेवीस रुपये. एकरी उत्पादन खर्च तुम्हाला पाठ असेल, त्याच्या शेजारी हे तेवीस रुपये लिहून बघा. ज्या वर्षी भाव बरा असतो त्या वर्षी ते सोसतात, ज्या वर्षी नसतो त्या वर्षी सभासदाच्या मजुरीतून जातात.

पण ज्येष्ठ मंडळींना इथे एक आकडा जरूर दाखवा. २०२२-२३ मध्ये देशातून सुमारे २.६८ लाख टन द्राक्ष निर्यात झालं, किंमत अडीच हजार कोटींच्या आसपास. पुढच्याच २०२३-२४ मध्ये, म्हणजे तांबडा समुद्र पेटलेल्या वर्षात, ते सुमारे ३.४४ लाख टनांवर गेलं आणि किंमत ३,४६० कोटींच्या आसपास पोचली. वाट लांबली, भाडं वाढलं, तरी व्यापार थांबला नाही. त्या वर्षी खरा प्रश्न वाढीव खर्च कोणाच्या अंगावर पडला, हा होता. निर्यातदाराशी ज्याचा सौदा बागेत, रोख आणि पक्क्या भावानं झाला, तो सुटला. ज्याचा माल 'तिकडे विकला की हिशोब करू' या बोलीवर गेला, त्यानं समुद्रातल्या प्रत्येक दिवसाची किंमत भरली.

तुमच्या पत्रातली सगळ्यात नाजूक जागा हीच आहे आणि त्यावर दोन्ही तट गप्प आहेत. आजवर तुम्ही दुसऱ्याच्या पॅकहाऊसमधून माल पाठवता, म्हणजे नफ्याचा मोठा वाटा त्याला जातो, पण समुद्राची जोखीमही तोच घेतो. पॅकहाऊस तुमचं झालं आणि तुम्ही स्वतःच्या नावानं निर्यात करायला लागलात, की ती जोखीम गुपचूप तुमच्या ताळेबंदात येऊन बसते. म्हणून पहिली दोन वर्षं माल स्वतःच्या पॅकहाऊसमध्ये भरा, पण विका पॅकहाऊसच्या दारात किंवा फार तर जहाजावर चढेपर्यंत, म्हणजे एफओबी. त्यापुढचा समुद्र खरेदीदाराचा. चार पैसे कमी मिळतील. मिळू द्या.

जेव्हा थेट पोचवण्याच्या बोलीवर विकाल, तेव्हा सुरुवातीला म्हटलेली ती दोन कलमं. एक, ठरलेल्या भाड्याच्या वर जो काही अधिभार लागेल, मग तो युद्धाचा असो की मार्ग बदलाचा, तो खरेदीदार देईल. दोन, माल भरताना त्रयस्थ तपासनीसाचा अहवाल होईल, कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं यंत्र असेल, आणि जहाज ठरल्या दिवसांपेक्षा उशिरा पोचलं तर त्या उशिराचा दोष मालाच्या प्रतीवर ढकलला जाणार नाही. खरेदीदार कुरकुर करेल. मोठे आणि जुने खरेदीदार ऐकतात, कारण त्यांनाही मार्च-एप्रिलमध्ये दुकानातला कप्पा रिकामा ठेवून चालत नाही.

"विमा आहे की" असं सभेत कोणी तरी म्हणेल. विम्याचं नीट समजून घ्या, कारण इथे अनेक जण फसतात. सागरी मालविम्याच्या प्रचलित अटींमध्ये उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. तो उशीर विम्यातल्या धोक्यामुळे झाला असला तरीही. जहाज वळसा घालून पंधरा दिवस उशिरा गेलं आणि माल सडला, तर पॉलिसी कपाटात राहते आणि नुकसान तुमच्या घरी येतं. युद्धाची जोखीम मूळ पॉलिसीत नसते, वेगळा हप्ता भरून घ्यावी लागते आणि विमा कंपनी ती थोड्या दिवसांच्या नोटिशीवर काढूनही घेऊ शकते. याउलट ईसीजीसी ही भारत सरकारची निर्यात पतहमी कंपनी आहे, तिच्या पॉलिसीकडे आपले लोक फारसे बघत नाहीत. खरेदीदार बुडाला, त्यानं पैसे दिले नाहीत, त्याच्या देशात युद्ध झालं, सरकारनं आयात बंद केली किंवा पैसे बाहेर जाऊ दिले नाहीत, या जोखमी ती पत्करते. प्रवासाचा मार्ग बदलल्यामुळे झालेला आणि खरेदीदाराकडून वसूल न होणारा जादा वाहतूक खर्चही तिच्या राजकीय जोखमींच्या यादीत असतो. 'विकला की हिशोब' या बोलीच्या मालासाठी वेगळी पॉलिसी लागते. तिच्या कार्यालयात एकदा दोघं-तिघं संचालक मिळून जा आणि कागद समोर ठेवून विचारा.

शीतगृहाला मी नाही म्हणतोय ते का, हेही याच हिशोबातून कळेल. घडाचं खुडल्यानंतरचं आयुष्य मोजकं आहे. ते शीतगृहात घालवलं तर समुद्रासाठी उरत नाही. जहाज बावीस दिवसांत पोचत होतं तेव्हा भावासाठी दहा दिवस माल धरून ठेवणं परवडत असे. आता तेच दहा दिवस रॉटरडॅमच्या बंदरात देठावर दिसतील. वाट लांबली की साठवणुकीची किंमत घटते आणि वेगाची वाढते. सकाळी खुडलेला माल काही तासांत शून्य ते दोन अंशांवर आणणं याला आज सगळ्यात जास्त मोल आहे, आणि ते काम प्रीकूलिंगचं. दोन-तीन कंटेनर भरेपर्यंत माल धरता येईल एवढी छोटी थंड खोली त्याला जोडा. पाचशे टनांची गरज कांदा, डाळिंब, बेदाणा यांचा व्यवसाय उभा राहिल्यावर बघू.

प्रीकूलिंगचा दुसरा गुण असा, की त्याला कोणताही देश चालतो. तोच थंड केलेला माल दिल्लीला जातो, कोलकात्याला जातो, गुवाहाटीला जातो, दुबईला जातो. मे ते डिसेंबर पॅकहाऊस रिकामं पडलं तर हप्ता कुठून भरणार? तेव्हा डाळिंब, टोमॅटो, ढोबळी मिरची तिथेच प्रतवारी करून जाऊ शकते. बाग एका देशासाठी तयार करावी लागते, पण यंत्रसामग्री एका देशावर अवलंबून ठेवू नये. तुमच्या शेजारी दिंडोरी तालुक्यात मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनं द्राक्ष निर्यातीबरोबर टोमॅटोवर प्रक्रिया आणि देशी बाजार यांचीही जोड उभी केली, ती जाऊन बघण्यासारखी आहे.

आता ट्रम्प. २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर अमेरिकेचा एकूण पन्नास टक्के जादा कर लागू झाला. त्यातला निम्मा रशियन तेल घेतल्याबद्दल. सोलापूरचे टॉवेल, मुंबईच्या सीप्झ निर्यात क्षेत्रातले दागिने, किनाऱ्यावरची कोळंबी यांच्यावर हा सरळ घाव होता आणि त्या लोकांची काळजी वाटावी अशीच परिस्थिती होती. आपलं ताजं द्राक्ष मात्र अमेरिकेला नावापुरतंच जातं, त्यामुळे सभेत या कराच्या नावानं पॅकहाऊस अडवणं बरोबर नाही. आडवाटेनं फटका बसू शकतो, त्याकडे लक्ष ठेवा. दक्षिण आफ्रिकेवर अमेरिकेनं २०२५ मध्ये तीस टक्के कर लावला. त्यांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, आपला जानेवारी ते एप्रिल, आणि दोघांचाही मोठा ग्राहक युरोप. अमेरिकेत न गेलेली त्यांची पेटी युरोपातच उतरणार, आपल्या पेटीच्या शेजारी. शिवाय केपटाऊनहून रॉटरडॅमला जायला सुएझ लागतच नाही. तांबड्या समुद्रामुळे आपली वाट लांबली, त्यांची नाही. मला विचाराल तर आपल्या द्राक्षाला हुथींपेक्षा केपटाऊनची धास्ती जास्त बाळगायला हवी, कारण ती दर हंगामात असते.

रशियाचा धडा वेगळा आहे. बागलाणची अर्ली द्राक्षं वर्षानुवर्षं तिकडे जातात. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला आणि आठवड्याभरात बड्या जहाज कंपन्यांनी रशियाची बुकिंग थांबवली, काही रशियन बँका स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून, बाहेर काढायचं ठरलं. माल पोचवायची वाट आणि पैसे यायची वाट एकदमच अडखळली. रिझर्व्ह बँकेनं रुपयातल्या व्यवहाराची सोय ११ जुलै २०२२ ला जाहीर केली, तोवर हंगाम आटोपला होता. सरकारी उपाय येतात, पण नाशवंत मालाच्या वेळेत येतीलच असं नाही. रशियाला माल द्यायचा तर आगाऊ रकमेवर द्या.

कांदावाल्या सभासदांना मात्र मी अधिक कळकळीनं सांगेन, कारण त्यांच्यावरचा घाव बाहेरून कमी आणि घरातून जास्त आला. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी, १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा, ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क, मग किमान निर्यातमूल्य, आणि ८ डिसेंबर २०२३ ला परत बंदी. लाल कांदा बाजारात येत असताना लिलाव बंद पडले, मुंबई-आग्रा महामार्गावर चांदवडला शेतकरी बसले, ते दिवस तुमच्या डोळ्यांसमोर असतील. २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या, तेव्हा त्यांनी भर सभेत हसत सांगितलं, की तुम्ही अचानक कांदा बंद केलात, मी आचाऱ्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितलंय. सगळे हसले. पण आधी सांगितलं असतं तर दुसरीकडून आणला असता, असंही त्या बोलल्या होत्या. आणि तसंच झालं. बांगलादेशनं पाकिस्तान, चीन, इजिप्त यांच्याकडून माल घ्यायला सुरुवात केली आणि स्वतःची लागवड वाढवायचा ध्यास घेतला. २०२४ च्या मार्चमध्ये बंदी चालू असतानाच आपल्या सरकारनं बांगलादेशला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा एनसीईएल या सहकारी निर्यात संस्थेमार्फत द्यायला परवानगी दिली. म्हणजे कांदा कुणाला, किती आणि कोणाच्या हातून जाणार हे दिल्लीतल्या राजनैतिक हिशोबावर ठरू लागलं आणि लासलगावच्या व्यापाऱ्यानं जोडलेलं गिऱ्हाईक बाजूला पडलं.

शहरातल्या गरिबाला कांदा परवडला पाहिजे, हे मला मान्य आहे. पण त्याची किंमत एकट्या उत्पादकानं का मोजावी? भाव पाडायचेच असतील तर सरकारनं बाजारात उतरून योग्य भावानं खरेदी करावी. एका रात्रीत बंदर बंद करणं म्हणजे वीस वर्षं जोडलेलं गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या दारात नेऊन सोडणं आहे. आपल्या भागाच्या विकासाचं सगळ्यात मोठं नुकसान या बेभरवशानं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. १ एप्रिल २०२५ पासून शेवटचं वीस टक्के निर्यातशुल्कही गेलं, हे चांगलं झालं. तरी कांद्याच्या निर्यातीसाठी कर्ज काढून काही बांधू नका. चांगली हवेशीर चाळ बांधा, ती देशी बाजारालाही उपयोगी पडते.

एका देशावर विसंबण्याचं काय होतं ते विदर्भात बघा. वरूड-मोर्शीच्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. २०१९ ते २०२३ या काळात तिकडचा आयातकर चौपटीहून जास्त वाढला. संत्र्यानं काही गुन्हा केला नव्हता. डॉलरची चणचण, देशी उत्पादकांचं रक्षण, आपल्या कांदाबंदीची चीड, कारणं काहीही सांगितली जातात. बागवाल्याला एवढंच कळलं, की ट्रक परत आले आणि भाव कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ताही पालटली. द्राक्षाचाही बांगलादेश मोठा ग्राहक आहे. तुमच्या कंपनीचा नियम असा करा, की कोणत्याही एका देशाला एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त माल जाणार नाही. हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, शास्त्राचा नाही; तुम्ही तो थोडा इकडेतिकडे करा, पण लिहून ठेवा. चांगल्या वर्षी तो मोडायचा मोह होईल.

तरुण संचालकांसाठी आता वाढवणबद्दल. केंद्रीय मंत्रिमंडळानं १९ जून २०२४ ला ७६,२२० कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला भूमिपूजन झालं. नैसर्गिक खोली वीस मीटरच्या आसपास, मोठी जहाजं थेट लागतील. बंदर झालं तर नाशिकला फायदा होईल, यात शंका नाही. तिथल्या मच्छीमारांचा प्रश्न मात्र नीट सुटायला हवा. पण पहिला टप्पाच या दशकाच्या शेवटी अपेक्षित आहे आणि तुमच्या कर्जाचा पहिला हप्ता पुढच्या वर्षी आहे. निसाकाच्या, म्हणजे निफाड साखर कारखान्याच्या, जागेवरच्या ड्रायपोर्टची (बंदराबाहेरच्या कंटेनर तळाची) चर्चा तुम्ही किती वर्षं ऐकताय, ते मी सांगायला नको. तेच भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गाचं. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत तो गाजावाजा करून जाहीर झाला: इथून जहाजानं अमिरात, मग रेल्वेनं सौदी, जॉर्डन, इस्रायलचं हैफा बंदर आणि पुढे युरोप. महिना उलटायच्या आत, ७ ऑक्टोबरला, इस्रायल-गाझा पेटलं. अशा नकाशांवरच्या रेषा हिशोबात धरू नका. उद्या खऱ्या झाल्या तर वरकड नफा समजा.

ब्रिटनचा करार मात्र हातात धरण्यासारखा आहे. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनमध्ये सह्या झाल्या, द्राक्षावरचा कर त्यात निघणार आहे. सही आणि अंमल यांत संसदीय मंजुरीचा काळ असतो, अंमल सुरू झाला का ते आधी तपासा. युरोपात आजवर आपल्या द्राक्षाला आठ टक्क्यांच्या आसपास कर पडत आला आणि चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका यांना तो पडत नव्हता. म्हणून असे करार आपल्यासाठी मोलाचे आहेत. पण आयातकर शून्य झाला तरी रासायनिक अवशेषांची मर्यादा शून्य होत नाही, उलट काटा अधिक बारीक होतो. २०१० चा हंगाम ज्येष्ठांना विचारा. कुठेही युद्ध नव्हतं, सुएझ उघडा होता, आणि क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळे आपले कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले. कित्येकांच्या बागा त्या एका हंगामानं कर्जात गेल्या. त्या घावानंतर बागायतदार सावध झाले, आणि आज अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय यंत्रणेवरची प्लॉट नोंदणी, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखालच्या तपासण्या यामुळेच भारतीय द्राक्ष तिथल्या मोठ्या दुकानांत टिकून आहे. पैसे खर्चायचे तर इथे खर्चा: फवारणीच्या नोंदी, काढणीआधीची तपासणी, आणि लांबचा प्रवास सोसणारी, देठ हिरवा राखणारी वाणं.

कर्जाचं सांगतो. कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं तीन टक्के व्याजसवलत मिळते. शीतगृह वगळलं तर तुमची गरज दोन कोटींच्या बरीच खाली येईल आणि सगळं कर्ज या सवलतीत बसेल. हप्त्याचा हिशोब मात्र निर्यातीच्या भावावर मांडू नका. देशी बाजाराच्या मध्यम भावावर मांडा. त्या भावात हप्ता निघत असेल, तर पुढे जा. निघत नसेल, तर बँक देत असली तरी घेऊ नका. सुएझ कालवा १९६७ च्या युद्धात बंद झाला तो १९७५ मध्ये उघडला. आठ वर्षं, म्हणजे तुमच्या कर्जाच्या मुदतीपेक्षा एक वर्ष जास्त.

हे सगळं लिहिताना माझ्या मनात फक्त तुमचे सभासद नाहीत. पेठ-सुरगाण्याहून छाटणीला, विरळणीला येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या, पॅकहाऊसमध्ये उभं राहून घड साफ करणाऱ्या बायका, पुठ्ठ्याची खोकी करणारे छोटे कारखाने, रीफरचे चालक, पिंपळगावची बेदाणा शेड, या साऱ्यांचं पोट या एका फळाभोवती आहे. कंटेनर अडला की निर्यातदाराचा नफा घटतो, पण सुरगाण्याची बाई हंगामाच्या मध्यावर घरी परतते. म्हणून 'जग शांत होईपर्यंत थांबू' हा सल्ला मला पटत नाही. जग शांत होण्याची वाट बघायची ऐपत तिच्यात नाही. आणि पॅकहाऊस तुमच्या गावात आलं तर तिचं काम चार महिन्यांऐवजी आठ-नऊ महिने चालू शकतं, फक्त तुम्ही ते एकट्या द्राक्षावर आणि एकट्या युरोपवर टांगलेलं नसलं पाहिजे.

सभेत ठराव दोन भागांत मांडा: पॅकहाऊस आणि प्रीकूलिंगचा एक, शीतगृहाचा दुसरा. पहिल्यावर मतदान घ्या, दुसरा दोन हंगामांनंतर पुन्हा विचारासाठी ठेवा. ज्येष्ठ संचालकांपैकी एकाला जोखीम बघणाऱ्या उपसमितीचं प्रमुख करा. एक देश एक तृतीयांश हा नियम, ईसीजीसीची पॉलिसी आणि करारातली कलमं यांवर त्यांची सही असल्याशिवाय कंटेनर निघू नये. त्यांची भीती कामाला लावा, ती कंपनीला लागणार आहे. काडीत घड किती धरलेत याची तपासणी करून मगच निर्यातीचे प्लॉट ठरवा. कच्च्या बागेवर सौदे करून ठेवू नका. आणि खरेदीदाराच्या कराराचा मसुदा हाती आला, की सही करण्याआधी मला पाठवा. उशिराचं आणि अधिभाराचं कलम कसं लिहिलंय ते वाचून मी तुम्हाला कळवेन.